सडवारूंचा कळप : घोड्यासारख्या कल्पित प्राण्याचे जगणे पटेल असे कसे रचावे?

रानजाई :

नमस्कार. गेली तीन वर्षे मी मराठीत एक अद्भुत कादंबरी लिहीत आहे आणि तिच्या मधोमध येऊन अडले आहे. माणसांची पात्रे व्यवस्थित उभी राहिली आहेत. अडले आहे ते जनावरांपाशी.

कादंबरीतले जग संपूर्ण कल्पित आहे. त्यात थोरसडा नावाचे जांभ्याचे एक अफाट पठार आहे. कोकणातला सडा पावसाळ्यात कसा हिरवा होतो आणि माघ-फाल्गुनापर्यंत त्याचा कसा तवा होतो, हे लहानपणापासून पाहिल्यामुळे ही जागा सुचली. थोरसड्यावरचे वर्ष मात्र सोळा महिन्यांचे आहे : पाच महिने पाऊस आणि अकरा महिने कोरडे. पठाराच्या पश्चिम कडेला दाट गवत उगवते, पूर्वेला खारतळी म्हणून मिठाचा सखल प्रदेश आहे, आणि या दोहोंच्या मध्ये सडवारूंचे कळप दरवर्षी जा-ये करतात.

सडवारू घोड्याहून थोडा बुटका आहे, खांद्यापाशी साधारण साडेचार फूट. रंग वाळल्या गवताचा, पाठीवर गडद पट्टा, आयाळ आखूड आणि उभी, शेपटीच्या टोकाला झुपका. कपाळावर दोन आखूड शिंगे आणि दुभंगलेले खूर मी त्याला दिले आहेत. एक हजार सडवारूंचा कळप एका पांढऱ्या आयाळीच्या नराच्या मागे चालतो. दुपारी ते झाडांच्या सावलीत बसून रवंथ करतात, रात्री उभ्यानेच झोपतात, आणि भरधाव पळताना एकमेकांना लांबलचक हाका मारतात. पायथ्याच्या माणसांनी त्यांना कधीही माणसाळवलेले नाही.

हस्तलिखित ज्यांना वाचायला दिले त्यांच्यापैकी एकांनी बरीच वर्षे घोडे पाळले आहेत. त्यांनी ते तिसऱ्या प्रकरणापाशी परत केले आणि म्हणाले की हे जनावर चित्रात शोभेल, पण सड्यावर एक उन्हाळाही काढणार नाही. त्यांचे म्हणणे मला लागले, कारण ते खरे असावे असे मलाही वाटत होते. अद्भुतकथा आहे म्हणून काहीही चालेल, असे मी मानत नाही. वाचकाने एकदा त्या पठारावर पाय ठेवला की तिथले गवत त्याच्या पायांना लागले पाहिजे. म्हणून जाणकारांना विनंती आहे की हा प्राणी आणि त्याचा कळप कुठे चुकला आहे, ते मोकळेपणाने सांगावे. मोठा कळप, वर्षभराची वाट आणि माणसापासूनचे अंतर या तीन गोष्टी शक्यतो राखायच्या आहेत. बाकी सर्व बदलायची माझी तयारी आहे.

टापांचा माग :

रानजाई, मी पशुवैद्यक आहे आणि माझी बरीच वर्षे घोड्यांवर उपचार करण्यात गेली आहेत. तुमच्या वाचकाला खटकण्याची सुरुवात रवंथापासून झाली असावी, म्हणून आधी पोटाबद्दल लिहितो. शिंगांचा प्रश्नही त्यातच सुटेल.

गाय, शेळी, हरीण ही रवंथ करणारी जनावरे. त्यांच्या चार कप्प्यांच्या पोटात चारा आधी आंबतो, पुन्हा तोंडात येतो, बारीक होतो आणि मगच पुढे जातो. घोड्याचे जठर त्याच्या देहाच्या मानाने अगदी लहान असते, साधारण आठ ते पंधरा लिटरचे. गवतातले तंतू फोडणारे जिवाणू त्याच्या मोठ्या आतड्यात आणि त्या आतड्याच्या तोंडाशी असलेल्या प्रचंड पिशवीत राहतात. त्यामुळे घोड्याला त्याच चाऱ्यातून गाईइतके सत्त्व काढता येत नाही. पण चारा त्याच्या पोटातून गाईपेक्षा लवकर पुढे सरकतो, म्हणून निकस गवत अधिक खाऊन तो तूट भरून काढतो. गाईला तसे करता येत नाही, कारण चरबट काड्या तिच्या पोटात अडकून राहतात आणि पोट भरलेले असतानाच ती खंगत जाते. जिथे गवत भरपूर पण निकृष्ट आहे, तिथे घोड्याचे कूळ तगते ते यामुळे. तुमच्या सड्यावरचे अकरा कोरडे महिने याच पोटासाठी आहेत.

त्याची किंमत वेळेत मोजावी लागते. रानात राहणारा घोडा दिवसाचे पंधरा-सोळा तास चरत असतो. तेव्हा दुपारची सावली आणि रवंथ ही दोन्ही सडवारूकडून काढून घ्या, आणि त्याला रात्रीसुद्धा चरू द्या. काळोखात दूरवरून ऐकू येणारा हजार तोंडांचा गवत तोडण्याचा आवाज तुमच्या कादंबरीला रवंथापेक्षा अधिक देईल, असे मला वाटते.

आता शिंगे. हाडावर चढलेले पोकळ शिंग आणि दुभंगलेला खूर ही रवंथ करणाऱ्यांच्या कुळाची लक्षणे आहेत. घोड्याचे जवळचे नातलग म्हणजे गेंडा आणि आखूड सोंडेचा टॅपिर. गेंड्याच्या शिंगात हाड नसते, ते केस आणि नखे ज्या द्रव्याची असतात त्याच द्रव्याचे असते. म्हणून शिंग ठेवायचेच असेल तर ते गेंड्यासारखे, झिजणारे आणि पुन्हा वाढणारे ठेवा. दुभंगलेल्या खुराऐवजी एकच अरुंद, कडक खूर द्या. किंवा, जग तुमचेच आहे तर, तीन बोटांचा विचार करा : घोड्याचे पूर्वज कोट्यवधी वर्षे तीन बोटांचे होते आणि त्यांतले हिप्पॅरिऑन तर उत्तर अमेरिकेतून आशिया आणि आफ्रिकेपर्यंत पसरले होते. एका बोटाचाच खूर ठेवलात तर एक बारकावा लक्षात घ्या. खूर नखासारखा सतत वाढत असतो. कातळावर चालताना तो वाढतो तितका झिजतो, पण पाच महिन्यांच्या ओल्या, मऊ जमिनीवर तो झिजणार नाही, कडा वाढतील, फुटतील. पाऊस संपताना सडवारू थोडे बेढब चालत असतील, आणि कातळावरचे पहिले काही दिवस त्यांच्या खुरांचे तुकडे वाटेवर पडलेले दिसतील. पायथ्याची माणसे ते वेचत असतील.

झोपेबद्दल तुम्ही अर्धे बरोबर आहात. घोडा मागच्या पायाच्या गुडघ्याची वाटी अडकवून उभ्याने डुलकी घेऊ शकतो. पण गाढ, स्वप्नांची झोप त्याला आडवे झाल्याशिवाय लागत नाही. ती थोडकीच लागते, पण मिळाली नाही तर काही दिवसांनी तो उभ्या उभ्याच कोसळू लागतो. रानात आडवे पडणे धोक्याचे असते, म्हणून काही जण पडतात तेव्हा निदान एखादा उभा राहून कान फिरवत असतो. एकट्या सडवारूला म्हणूनच धड झोप मिळणार नाही. कळपाची गरज त्याला भीतीपोटी असते तितकीच झोपेपोटीही असते.

भरधाव पळतानाच्या हाका मात्र काढाव्यात. चौखूर उधळलेल्या घोड्याचा श्वास त्याच्या पावलांना बांधलेला असतो, एका झेपेला एक श्वास. आणि तो केवळ नाकाने श्वास घेतो. त्यात लांब हाकेला जागा नाही. पळतानाचा आवाज टापांचा आणि फुरफुरण्याचा. हाका येतील त्या पळणे थांबल्यावर, जेव्हा आया आपापल्या शिंगरांना शोधू लागतात.

शेवटी तुमच्या सोळा महिन्यांबद्दल, कारण ते मला फार आवडले. घोडीचा गर्भकाळ सुमारे अकरा महिन्यांचा, झेब्र्याच्या ग्रेव्ही नावाच्या जातीचा सुमारे तेरा. घोडी व्यायल्यानंतर आठ-दहा दिवसांतच पुन्हा माजावर येते. सडवारूचा गर्भकाळ साडेपंधरा महिन्यांचा ठेवलात तर पहिल्या पावसानंतर जन्मलेल्या शिंगराची आई त्याच पावसात पुन्हा गाभण राहील आणि पुढच्या पहिल्या पावसालाच विईल. शिंगरू तासा-दोन तासांत उभे राहील, आणि पहिल्या काही आठवड्यांत आईची ताजी लीद खाताना दिसेल. तंतू पचवणारे जिवाणू त्याच्या पोटात जाण्याची ती एक वाट आहे. किळस न बाळगता हे लिहावे.

रणकाठ :

वरील प्रतिसादाने शरीराचा प्रश्न चांगला हाताळला आहे, म्हणून मी कळपाकडे वळतो. मी कच्छच्या छोट्या रणात रानगाढवे, म्हणजे तिथले लोक ज्यांना घुडखर म्हणतात ती, पाहायला अनेक वर्षे जात आहे. तुमच्या थोरसड्याला इतकी जवळची दुसरी जागा भारतात क्वचितच असेल : पावसाळ्यात पाणी पसरलेले, उन्हाळ्यात भेगाळलेली खारी माती, आणि मध्येमध्ये थोड्या उंच जागा, ज्यांना तिथे बेट म्हणतात आणि ज्यांवर गवत टिकते. २०२० च्या गणनेत तिथे सहा हजारांहून अधिक घुडखर मोजले गेले.

एका नराच्या मागे हजार जनावरे, ही गोष्ट घोड्याच्या कुळात कुठेच घडत नाही. या कुळात राहण्याच्या ठळक रीती दोन आहेत. घोडा आणि मैदानी झेब्रा कुटुंब करून राहतात : एक नर, दोन ते पाच-सहा माद्या, त्यांची पिल्ले. ही कुटुंबे वर्षानुवर्षे टिकतात, माद्या एकमेकींना सोडत नाहीत, आणि वयात आलेली पिल्ले, नर असोत वा माद्या, बाहेर पडतात. तरुण नरांच्या वेगळ्या टोळ्या असतात. आफ्रिकेतल्या सेरेंगेटीच्या मैदानात झेब्र्यांचे जे प्रचंड कळप दिसतात ते अशा असंख्य कुटुंबांचे मेळे असतात. गर्दीतही प्रत्येक कुटुंब आपले अंतर राखून चालते. घुडखर आणि ग्रेव्हीचा झेब्रा यांची रीत निराळी आहे. तिथे मोठ्यांमध्ये कायमचे नातेच नसते. नर जमिनीचा तुकडा राखतो, माद्या येतात-जातात, आज चार एकत्र दिसल्या तर उद्या दोनच.

हा फरक का पडतो, हे तुमच्या कामाचे आहे. पाजणाऱ्या मादीला वरचेवर पाणी लागते. जिला पिल्लू नाही ती पाण्यापासून दूरवर चरायला जाऊ शकते. गवत आणि पाणी शेजारी शेजारी असेल तर दोघी एकत्र राहू शकतात आणि नर त्यांच्याबरोबर राहतो. गवत एकीकडे आणि पाणी दुसरीकडे असेल तर माद्यांची फाटाफूट होते. अशा वेळी नराला माद्या राखता येत नाहीत, मग तो पाण्याजवळची जागा राखतो, कारण कधी ना कधी सगळ्यांना तिथे यावेच लागते. चारापाणी मुबलक असलेल्या बेटावर सोडलेली गाढवे घोड्यांसारखी कुटुंबे करून राहिल्याची नोंद आहे, म्हणजे ही रीत रक्तात कोरलेली असते असेही नाही.

आता तुमचा सडा पाहा. पावसाच्या पाच महिन्यांत सगळीकडे गवत आणि सगळीकडे पाणी. तेव्हा सडवारू कुटुंबांनी राहतील, नर आपल्या माद्यांभोवती सतत फिरेल. कोरडे महिने जसे वाढतील तशी कुटुंबे सैल होतील, पाजणाऱ्या माद्या पाणवठ्यांकडे ओढल्या जातील, आणि नर एकेका पाणवठ्यावर एकटे उभे राहतील. ज्या नराने पावसात पाच माद्या राखल्या त्याला उन्हाळ्यात एक डबके राखावे लागेल. तुमच्या पांढऱ्या आयाळीच्या नराची गोष्ट मला इथे दिसते.

एक प्रश्न मात्र तुम्ही कुठेच स्पर्शिलेला नाही. सड्यावर सडवारूंना खाणारे कोण आहे? त्याशिवाय एवढा मेळा जमण्याचे कारण अपुरे राहते.

रानजाई :

दोघांचीही मी मनापासून आभारी आहे. शिंगे आज सकाळीच काढून टाकली. खुरांचे तुकडे वेचणारी माणसे आणि डबके राखणारा नर हे दोन्ही कादंबरीत येतील. खाणारे जनावर आहे : तरसासारखे, टोळीने फिरणारे, पण ते मी कथेच्या शेवटी आणले होते, ते आता सुरुवातीलाच आणावे लागेल.

पण वाटेचा प्रश्न राहतो. नर पुढारी नसेल तर खारतळीची वाट कुणाला ठाऊक असते? माझ्या मनात एक म्हातारी मादी आहे, जिने ती वाट अनेकदा तुडवली आहे आणि जिच्या मृत्यूनंतर कळप चुकतो. कादंबरीचा कणा तोच आहे.

माळढोक :

रानजाई, पुढे चालणारी मादी तुम्ही नक्की ठेवा, पण ती म्हातारीच असावी हा आग्रह तपासून पाहा. झेब्र्यांच्या कुटुंबात पाण्याकडे निघताना पहिले पाऊल बहुधा पाजणारी मादी टाकते, कारण तहान तिला आधी लागते. नर अनेकदा मागे किंवा बाजूला असतो आणि रेंगाळणाऱ्यांना हाकतो. घोड्यांतही एकच घोडी कायमची पुढारी असते, असे निरीक्षणांतून दिसत नाही. आज एक निघते, उद्या दुसरी. मान खाली घालून, कान मागे टाकून इतरांना वळवणारा नर पुढारी वाटतो, पण तो दिशा क्वचित ठरवतो.

वाटेच्या आठवणीबद्दल एक खरी हकीकत सांगतो, कारण ती तुमच्या कण्यालाच भिडते. आफ्रिकेत बोत्स्वाना देशात ओकावांगोच्या पाणथळ प्रदेशातून मकगाडिकगाडीच्या खाऱ्या सखल मैदानाकडे झेब्रे पावसाळ्यात जातात. जाऊन-येऊन हे अंतर पाचशे किलोमीटरांहून अधिक आहे. १९६८ साली गुरांचे रोग पसरू नयेत म्हणून त्या वाटेवर कुंपण घातले गेले आणि हे स्थलांतर बंद पडले. २००४ साली कुंपण निघाले. त्यानंतर थोड्याच वर्षांत, गळ्यात पट्टे बसवून माग काढला तेव्हा, काही झेब्रे पुन्हा त्याच वाटेने खाऱ्या मैदानाकडे जाताना आढळले. मधली छत्तीस वर्षे लक्षात घेता जुनी वाट चाललेला एकही झेब्रा तेव्हा जिवंत असणे शक्य नव्हते.

म्हणजे आयांकडून लेकींकडे आलेली आठवण हे एकमेव स्पष्टीकरण नाही. हिरवळ जशी सरकते तशी जनावरे सरकत गेली, एका पावसाच्या वासावरून पुढच्या पावसाकडे, आणि वाट नव्याने सापडली, असे मानायला जागा आहे. मला स्वतःला यात तुमच्या कथेचे नुकसान दिसत नाही. म्हातारी मेली, कळप चुकला, आणि तरीही काही वर्षांनी तिला कधीही न पाहिलेली एक तरुण मादी त्याच खिंडीत येऊन उभी राहिली, हे माझ्या दृष्टीने अधिक मोठे आहे. आठवण मात्र पूर्ण सोडू नका. नेहमीच्या वर्षात हिरवळीमागे जाणे पुरते. ज्या वर्षी पाऊस येतच नाही त्या वर्षी, हिरवळच नसताना, जिने पूर्वीचा दुष्काळ पाहिला आहे तिचाच उपयोग होतो. हत्तींच्या बाबतीत हे दिसले आहे : १९९३ च्या दुष्काळात टांझानियातील तारांगिरे येथे ज्या कुटुंबांच्या पुढारी माद्या वयस्क होत्या ती कुटुंबे उद्यान सोडून बाहेर गेली आणि त्यांची पिल्ले कमी दगावली.

भीमाकाठ :

मी अभ्यासक नाही. आमच्या घरी पिढ्यान्पिढ्या मेंढ्या होत्या आणि मेंढ्यांबरोबर भीमथडी तट्टे. दिवाळीनंतर आमचा वाडा, म्हणजे माणसे-मेंढ्यांचा तांडा, कोकणाकडे उतरत असे आणि पावसाच्या आधी परत वर येत असे. बिऱ्हाड सगळे तट्टांच्या पाठीवर : भांडी, घोंगड्या, कोंबड्या, चालता न येणारी कोकरे, कधी लहान मूलही. त्यामुळे माळढोक यांनी जे लिहिले त्यात माझी एक भर आहे. आमची एक जुनी घोडी होती. मुक्कामाची जागा कोसभर राहिली की तिची चाल बदलत असे आणि बाकीची तट्टे तिच्यामागे आपोआप पाय उचलत. पण अनोळखी वाटेवर तीच घोडी इतरांच्या मागे राहत असे. म्हणून मला वाटते, तुमच्या म्हातारीला सगळी वाट ठाऊक असण्याची गरज नाही, तिला मुक्काम ठाऊक असावेत.

मला मुख्यतः शब्दांबद्दल बोलायचे आहे. तुम्ही दुसऱ्या परिच्छेदात कळप म्हटले ते चांगले केले. पण पुढे लिहिताना पागा, खरारा, लगाम, मोतद्दार यांतला एकही शब्द सडवारूंच्या आसपास येऊ देऊ नका, उपमेतसुद्धा नाही. ते पाळलेल्या जनावराचे शब्द आहेत. अबलख, कुमेत, पंचकल्याणी हे शब्द कानाला गोड आहेत, पण ते बाजारातल्या नजरेचे आहेत. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा माणूस आधी रंग पाहतो, मग पाय, मग भोवरे. देवमण, म्हणजे गळ्यावरचा शुभ मानलेला भोवरा, असलेल्या घोड्याची किंमत वाढते. ज्यांनी सडवारू कधी विकतच घेतला नाही ती माणसे त्याला रंगाने का ओळखतील? ती त्याला त्याच्या दिवसांवरून ओळखतील : गाभण, पाजणारी, भाकड, नुकती व्यालेली, पाण्यावर उभा असलेला, पाण्यावरून हाकललेला. कुटुंबाला त्यांनी बिऱ्हाड म्हणावे आणि सगळी बिऱ्हाडे जमली की मेळा. चालीचे शब्द मात्र मोकळेपणाने वापरा. दुडकी, रवाल, भरधाव, चौखूर हे जनावराच्या पायांतून आलेले शब्द आहेत, त्यांवर माणसाचा हक्क नाही.

आणि शिंगराला शिंगरूच म्हणा. त्यासाठी नवा शब्द घडवू नका. एवढा एक शब्द ओळखीचा राहिला की परके जनावर जवळचे होते.

टापांचा माग :

माणसाळवण्याबद्दल कुणी लिहिले नाही म्हणून पुन्हा येतो. कुणालाही न माणसाळलेला घोडवर्गीय प्राणी ही अगदी पटणारी गोष्ट आहे. आजचे पाळीव घोडे ज्या वंशातून आले तो काळ्या समुद्राच्या आणि कॅस्पियनच्या उत्तरेकडील गवताळ प्रदेशातला, सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी झपाट्याने पसरलेला, असे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या प्राचीन जनुकांच्या अभ्यासातून दिसते. घोड्याखेरीज या कुळातले पूर्ण माणसाळले ते आफ्रिकेतल्या रानगाढवापासून आलेले गाढव तेवढे. झेब्रे, लडाखची कियांग नावाची रानगाढवे, घुडखर हे रानातच राहिले.

पण एक तिसरी वाट होती आणि ती तुमच्या पायथ्याच्या माणसांना देता येईल. घोडा पोहोचण्यापूर्वी, साधारण साडेचार हजार वर्षांपूर्वी, मेसोपोटेमिया आणि सीरियात कुंगा नावाचे मौल्यवान जनावर गाड्यांना जुंपले जात असे. उत्तर सीरियातील उम्म-अल-मारा येथे पुरलेल्या कुंगांच्या हाडांची जनुके तपासल्यावर २०२२ साली कळले की त्यांची आई पाळीव गाढवीण होती आणि बाप सीरियाचा रानगाढव. संकराला पिल्ले होत नसत, म्हणून प्रत्येक कुंग्यासाठी रानातला नर धरून आणावा लागे. तो पळण्यात गाढवापेक्षा कितीतरी तेज, आणि धरायला तितकाच कठीण. तो रानगाढव विसाव्या शतकात नामशेष झाला. माणसांनी ज्याला कधी पाळले नाही, पण ज्याच्यावाचून त्यांच्या राजांचे रथ चालत नव्हते, असे जनावर तुमच्या सड्यावर असेल तर ते अंतर टिकेल आणि त्या अंतराला वेदनाही असेल.

रानजाई :

हे वाचल्यापासून पायथ्याच्या गावाची संपूर्ण रचना मनात बदलली आहे. रथ नकोत, पण नर धरणारे एक घराणे नक्की येईल.

शेवटची एकच अडचण. कोरड्या काळाच्या अकराव्या महिन्यात खारतळीत पाणी नसते. पाऊस येण्याआधीचे वीस दिवस माझ्या कथेत सगळ्यांत महत्त्वाचे आहेत. मुक्काम ठाऊक असलेली म्हातारी मादी तिथे मेळा आणते, आणि पाणी नाही. तेव्हा ती काय करते?

रणकाठ :

ती पाणी उकरते. रानगाढवे आणि झेब्रे कोरड्या ओढ्यांच्या वाळूत पुढच्या खुरांनी खड्डे करून खालचे पाणी वर आणतात. अमेरिकेच्या सोनोरन वाळवंटात मोकाट गाढवांनी आणि घोड्यांनी खोदलेल्या अशा विहिरींचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. काही खड्डे दोन मीटरांपर्यंत खोल होते, आणि त्यांवर इतर कितीतरी प्राणी-पक्षी पाणी प्यायला येत होते. मात्र जांभ्याच्या कातळात कुणालाही उकरता येणार नाही. खारतळीच्या अलीकडे वाळूचा एक मेलेला ओढा घाला, आणि म्हातारीला ठाऊक असलेला मुक्काम म्हणजे त्या ओढ्याचे एखादे वळण असू द्या. आतल्या बाकावरची वाळू लवकर कोरडी पडते, तेव्हा ती बाहेरच्या खोलगट जागी उकरेल.

रानजाई :

हेच हवे होते. तेहतिसावे प्रकरण आता तिथेच घडेल. ओढ्याच्या वळणावर ती उकरू लागते, कुणीही पुढे येत नाही, पाणवठे राखणारे नरसुद्धा कडेला उभे राहतात, आणि तिच्या पायांशी तिचे शेवटचे शिंगरू आहे. आधीच्या मसुद्यात ते तिच्या मागच्या पायांपाशी उभे होते. ते तसेच ठेवू ना?

टापांचा माग :

मागे नको. पुढच्या खुराने उकरलेली वाळू पोटाखालून मागे फेकली जाते, तिथे ते क्षणभरही थांबणार नाही. ते तिच्या खांद्याला चिकटून, खड्ड्याच्या कडेला उभे राहील, आणि वाळूचा रंग गडद होऊ लागला की तिच्या आधी तेच खाली नाक घालेल. तिला त्याला खांद्याने बाजूला सारावे लागेल, कारण ओल दिसली तरी पाणी साचायला वेळ लागतो.